बर्फाची पावती

जूनचा शेवटचा आठवडा. नोंदणी शनिवारी पाचला बंद.
मकरपुरा जीआयडीसीतल्या शेडवर क्लबचं ऑफिस,
खाली रंगाचे डबे, वर आम्ही:
एक पंखा, एक टेबल, जाळीत गेल्या हंगामाचे सात चेंडू
आणि बावीस ओळींचा कागद.
तेविसावी ओळ संघटनेने छापलेलीच नाही.

वॉल्टर मकवान, आमचे कोच, पेन्सिलने नावं लिहितात.
पेनने लिहिलेला माणूस खोडताना कागद फाटतो, म्हणतात.
दोन गोलकीपर. एकाचा खांदा, दुसऱ्याची बारावी.
स्टॉपर तिघे, त्यातला एक रेल्वेत लागला तर दोन.
डाव्या विंगला सुरतान राठवा,
आणि पेन्सिल तिथे थांबते.
टोक मोडत नाही, पुढेही जात नाही.

सुरतानचा गुडघा मार्चमध्ये गेला.
मी टचलाइनपाशी होते, वही मांडीवर घेऊन.
आवाज आला,
चिंचेची ओली फांदी कोणी पिळावी तसा.
सयाजीत ऑपरेशन झालं. नऊ महिने, डॉक्टर म्हणाले.
करार अजून अकरा महिन्यांचा आहे.

महिना अठरा हजार, गुणिले अकरा.
कलम नऊ मला तोंडपाठ, कारण ते मीच टाइप केलं:
'दुखापत क्लबच्या सामन्यात वा सरावात झाली असल्यास
मुदतीपर्यंत पगार चालू राहील.'
नमुना दुसऱ्याच कुठल्या क्लबचा होता, मी नावं बदलली,
आणि 'राहील'खाली एक रेघ मारली, का कोण जाणे.

हेमेंद्रभाई वर येतात, चष्मा कपाळावर.
माणूस वाईट नाही. दिवाळीला पोरांना बूट घेतले,
एकेकाचं माप विचारून.
म्हणतात, "ए मेच आपणी नहोती, बेन."
पादऱ्याला झालेली मैत्रीची मॅच. रेफ्री नाही, शीट नाही.
"पोरं आपणहून खेळायला गेली. खरं ने?"

बाहेर बाकावर गोधऱ्याचा मुलगा बसलाय, अर्शद घांची,
सकाळच्या मेमूने आला, बॅग दोन पायांत धरून.
मकवानांनी त्याला दोनदा बघितलंय.
असे डावे पाय दुकानात मिळत नाहीत.
बाविसावी ओळ त्याची होऊ शकते,
पण पगार एकच आहे.
मघाशी चहा दिला तर विचारत होता,
पैसे कुणाकडे द्यायचे?

मार्चची व्हाउचरं, तिसरा खोका.
रिक्षा. लिंबं. पंक्चर.
मग निळ्या कार्बनमधली एक:
'बर्फ, अर्धी लादी, साठ रुपये, पादरा.
क्लबची मॅच. खेळाडूचा गुडघा.'
अक्षर माझं. सही हेमेंद्रभाईंची,
कारण पन्नासच्या वरच्या प्रत्येक खर्चाला त्यांची सही लागते,
आणि हा नियमही त्यांचाच.

ते वाचतात. चष्मा खाली घेऊन परत वाचतात.
"साठ रुपियानो बरफ," म्हणतात. हसू येतं त्यांना,
मग येत नाही.

मी पावती कराराला टाचते.
"पगार देणं वेगळं, ओळ देणं वेगळं,"
मकवान कागदाकडे बघत पुटपुटतात,
आणि त्यांचं चूक नाही.
आज गुरुवार.

खिडकीतून मागचं मैदान दिसतं.
सुरतान चुन्याचं यंत्र ढकलतोय. सांगितलं कुणी नव्हतं.
कुबडी सुटून तीन आठवडे झाले, एक पाय अजून जपून,
म्हणून रेघ दर चार पावलांनी
जराशी डावीकडे झुकते.
अर्शद बाकावरून उठून त्याच्यापाशी जातो.
काय बोलतात ऐकू येत नाही, पंखा वाजतो.
सुरतान हात वर करून त्याला मागे व्हायला सांगतो,
पायांकडे बोट दाखवतो:
बूट नवे आहेत,
चुना अजून ओला.