भट्टीपासून अंतर

आमच्या अभ्यासातला एकोणतिसावा
म्हणजे माजोर्ड्याचा कायतान.
व्यवसाय : पोदेर.
भट्टीपासून अंतर : दीड हात.
रोज किती तास, या रकान्यात त्यानं आधी आठ लिहिलं,
मग खोडून
‘बारा वर्षांचा होतो तेव्हापासून’.
मावलं नाही. समासात गेलं.

नमुना तासाभरात पोचायला हवा, अंगाच्या उबेत,
असं आम्ही सगळ्यांनाच सांगतो.
तो सायकलवरून आला मडगावात,
मागे पावांची रिकामी पाटी, निळं प्लास्टिक बांधलेली,
आणि डबी शर्टाच्या आत, पोटाशी.
लॅबच्या दारात सवयीनं भोंपू वाजला,
तर आमचा शिपाई सुटे पैसे घेऊन बाहेर.

अर्धा तास थांबायचं असतं, द्रव पातळ होईस्तो.
मग एक थेंब काचेवर, चौकटींच्या जाळीत,
आणि अंगठ्याखाली मोजणीचं बटण.
दोनशे मोजायचे, असा नियम.
कायतानच्या दोनशेला सहा थेंब लागले
आणि माझा चहा निवला.
होते त्यांतले बरेच जागच्या जागी,
नुसती शेपटी हलवत.

त्याआधी चार वर्षं
पिएदादची तपासणी चाललेली.
फाइल बोटभर जाड.
नळ्यांत रंग सोडून काढलेली फिल्म, दोन्ही बाजू मोकळ्या,
हार्मोन, परत हार्मोन,
कुणा डॉक्टरनं पेन्सिलीनं लिहिलेलं ‘टेन्शन घेऊ नये’.
पतीची तपासणी : कोरी ओळ.
मागितलीच नव्हती कुणी.
ती ओळ मी बोटानं दाखवली.
पिएदादनं फाइल मिटली,
रबर दोनदा गुंडाळलं.

डॉक्टर लोलयेकर म्हणाले, बहात्तर दिवस.
नवा शुक्राणू घडायला साधारण एवढे लागतात.
तेवढे दिवस आगीपासून लांब राहता येईल?
कायतान हसला. आणि पाव कोण भाजणार?
गाव काय खाणार सकाळी, तुमचा रिपोर्ट?
‘हांव,’ पिएदाद म्हणाली.
खाली बघतच.

सासरा म्हणाला, बाईच्या हातानं पाव फुगत नाही.
फुगला.
आठवडाभर बुडाशी करपला तेवढा,
गिऱ्हाइकांनी कुरकुरत खाल्ला,
मग कुरकुर थांबली.
कायतान पहाटे पाटी घेऊन निघायचा,
सैल लेंगा, शेतावरचा गार वारा,
आणि घरोघरी तेच उत्तर :
होय, तीच भाजते.

बहात्तराव्या दिवशीचे दोनशे
दोन थेंबांत झाले.
मी पुन्हा मोजले.
चार होते, अकरा झाले, मिलिलिटरला दशलक्ष.
पुरेसे म्हणावेत इतके नाहीत अजून.
एका माणसावरून काही सिद्ध होत नाही,
आकडे आपोआपही वर-खाली होतात,
डॉक्टर म्हणाले. खरं आहे.
तक्त्याखालची तळटीप मीच लिहिली.

‘बाय, कितले?’
अकरा, म्हटलं, आणि दशलक्ष म्हणायच्या आत
तो म्हणाला, ‘पुरो. आमकां एकूच जाय.’

पिएदाद हसली नाही.
तिच्या उजव्या मनगटावर भाजल्याची तिरकी रेघ होती,
अजून ओली.
तीन वेळा डोळे चोळले तिनं,
झोप नव्हती झालेली.

संध्याकाळी इन्क्युबेटर बघते मी.
सदतीस. अर्धा अंश चढला
तर मध्यरात्री माझा फोन वाजतो.
ह्याच वेळी माजोर्ड्यात ती पीठ मळायला घेत असेल.
तिच्या भट्टीला काटा नाही.
ती मूठभर पीठ आत फेकते
आणि ते किती वेळात काळवंडतं ते मोजते.

आमच्या अर्जात बायकांसाठी वेगळं पान आहे.
पाळीची तारीख, गर्भपात, थायरॉइड.
अंतराचा रकाना नाही.
व्यवसाय तर छापलेलाच : गृहिणी.
मी तो शब्द खोडला,
वर बारीक अक्षरात पोदेर लिहिलं,
आणि पट्टी घेऊन
समासात एक चौकोन आखला.