पहिला नळ

डॉक्टर सिगारेटचं विचारतील असं वाटलं होतं.
त्यांनी विचारलं, जन्म कुठला, साल कुठलं.
आन्तोफागास्ता, म्हणाले मी, एकोणीसशे साठ.
त्यांनी पेन खाली ठेवलं.
पुढं काही विचारलंच नाही,
गावाचं नाव हाच जणू अहवाल.

मूत्राशयाच्या उजव्या भिंतीवर
बोराएवढं काहीतरी.

आमच्या वाळवंटात आभाळ गळत नाही.
छपरांना उतार नाही, दुकानांत छत्री नाही.
पहाटे समुद्रावरून धुकं चढतं,
दारं चाचपतं, काही न देता परत जातं.
पाणी टँकरमधून यायचं, माणशी मोजून,
आणि आंघोळीनंतर त्याच पाण्यात
कपडे, मग फरशी, मग कुंडीतलं एकुलतं जिरेनियम.

मग अठ्ठावन्न साली डोंगरातली नदी
पाइपात घालून खाली आणली.
तीनशे किलोमीटर.
त्यातले शेवटचे सांधे माझ्या बाबांनी जोडले,
ठिणग्यांचे डाग अजून आहेत मनगटांवर.
आमच्या गल्लीतला पहिला नळ आमचा.
शेजारणी भांडी घेऊन आल्या, कुणी बशासुद्धा,
आणि आई, सांगतात, नळाखाली हात धरून
बराच वेळ नुसती उभी राहिली.

दोन वर्षांनी मी आले.
तिच्या पोटातल्या ज्या पाण्यात मी आधी पोहले
तेही त्याच नळाचं.

आई जंतूंना फार भ्यायची.
माझ्या दुधाचं पाणी वीस मिनिटं उकळायची, घड्याळ लावून.
उडणारं उडून जायचं.
डोंगराच्या पोटातला सोमल उडत नाही,
तो पातेल्यात राहायचा,
आणि पाणी आटेल तसा दाट व्हायचा.
ती झाकण उचलून बघायची.
काचेसारखं दिसायचं सगळं.

पुढं चेलोच्या छातीवर ठिपके उमटले,
मग एदुविखेसच्या पाठीवर, मग अर्ध्या वर्गाच्या अंगावर,
हुबेहूब पावसाचे थेंब,
ज्या गावानं पाऊस पाहिला नव्हता त्या गावात.
म्हातारे म्हणाले, ऊन. औषधवाला म्हणाला, यकृत.
आम्ही मधल्या सुट्टीत
कुणाचे ठिपके जास्त ते मोजायचो.
मी नेहमी हरायचे.

सत्तर साली गाळण्याचा कारखाना उभा राहिला.
चव बदलली नाही, कारण चव नव्हतीच.
ठिपके पुसट झाले, चेलोला मिशा आल्या,
लग्नं झाली, मुलं झाली,
पाण्याचा विषय संपला.

कुठं पाणी मुरतंय
हे कळायला पन्नास वर्षं गेली.
रिगोबेर्तोचं फुप्फुस. एदुविखेसचं मूत्राशय.
चेलोचं फुप्फुस, त्यानं आयुष्यात विडी ओढली नाही.
शाळेचा फोटो मी हल्ली उलटा ठेवते.

बाबा एक्याण्णव वर्षांचे आहेत.
पाइपाचा एक तुकडा, वीतभर,
त्यांनी कपाटात देवाशेजारी ठेवलाय,
रविवारी फडक्यानं पुसतात.
छावणीत ते पाणी कमी आणि बिअर जास्त प्यायचे,
हा त्यांचा जुना विनोद.
हसताना मी त्यांच्याकडे बघत नाही.

आज विचारलं, डॉक्टर काय म्हणाला?
म्हणाले, मुतखडा. बारीक आहे.
त्यांचा जीव भांड्यात पडला, दिसला मला पडताना.
मग खुर्चीचा हात धरून उठले,
तू लहानपणापासून पाणीच कमी पितेस, म्हणत
नळ सोडला,
पेला काठोकाठ भरून माझ्यासमोर धरला,
थरथरत, पण न सांडता.

मी प्यायले.
स्वच्छ होतं.
तेव्हाही असंच होतं.

त्यांनी नळ दोन्ही हातांनी घट्ट पिळला,
आणि कान देऊन ऐकलं,
ठिबकत तर नाही ना.