साडेतीन तोळे

शिलाई मशीनच्या खणातली रिळं काढली,
कापूस भरला,
आमच्याच पराटीचा, सरकी वेचून.
त्यात सशाची चार पिल्लं,
उघडीवाघडी, डोळे मिटलेली,
मायनं जवळ न घेतलेली.

आर्वीच्या ढोरांच्या डॉक्टरला फोन लावला.
"सशाचं मले काही समजत नाही," म्हणाला
आणि शेळीचं दूध सांगितलं.

ड्रॉपरनं एक थेंब. थांबायचं.
घाई केली की नाकातून फेस येतो,
हे दुसऱ्या रात्री कळलं.
मग तीन राहिली.

जाऊ म्हणाली, "पोटावरून ओला बोळा फिरव,
माय चाटते तसा.
नाही तं मुततच नाही थे."
फिरवला. बोटावर ऊन थेंब आला
आणि आम्ही दोघी हसत सुटलो,
पहाटे साडेतीनला, पुसाच्या थंडीत.

सगळ्यात बारकं होतं
ते रुमालात घेऊन इंदल सोनाराकडे गेले.
"बाई, सोनं मोजतो मी. उंदरं नाही."
तरी काचेतला तराजू काढला.
साडेतीन तोळे.
दुसऱ्या दिवशी सव्वातीन.
पावतीच्या पाठीवर त्यानं आकडा लिहिला,
बोलला काही नाही.
तिसऱ्या दिवशी मी गेलेच नाही.

दिवे लागता तो दारात,
काखेत तराजू.
"आणा इकडं."
पारडं खाली गेलं, थांबलं,
पुन्हा थरथरलं.
काटा काही एका जागी येईना.
चष्मा वर करून बराच वेळ पाहत राहिला.

"हालून रायलं," म्हणाला.
"हालू द्या."