पडद्याआडचा काटा

मानवत रोडच्या सरकारी दवाखान्यात
काटा आधी व्हरांड्यातच असायचा,
केसपेपरच्या खिडकीसमोर.
सिस्टर आकडा मोठ्यानं सांगायची:
अठ्ठ्याण्णव!
बाकावरची माणसं ऐकायची
आन् मी चपला शोधायची,
सापडल्या तरी शोधतच राहायची.
जिनिंगवर कापसाची गाडी जास्त भरली
की धनी खूश होतो.
मव्हं भरलं की सगळे पोटाकडं बघतात.

आतले डॉक्टर मान वर न करता म्हणायचे,
"खाणं कमी करा, मावशी."
गुडघा दुखतो म्हणलं तरी तेच,
कान वाहायला लागला तव्हाबी तेच.
कानाचा आन् भाकरीचा काय संबंध,
हे विचारलं नाही.
दोन वर्षं गेलेच नाही मग.

यंदा नवीन बाई आल्या, डॉक्टर तहसीन.
काटा आत नेला, हिरव्या पडद्यामागं.
बीपीचा पट्टा दंडाला पुरेना,
कर्र करून सुटला.
मी म्हणलं, "दंडच तसला मव्हा."
त्या म्हणाल्या, "दंड बरोबर आहे. पट्टा लहान आहे."
मोठा पट्टा परभणीहून यायला आठ दिवस लागले.
आठ दिवस मी तेवढं एक वाक्य
पिठात मळत होते.

"वजन करू का? चालेल?"
मला विचारलं.
मग, "जेवता कधी?"
काय जेवता, नाही. कधी.
पहाटे चारला तवा चढतो,
हंगामात तीनशे भाकरी,
हमाल, ड्रायव्हर, काट्यावरचा कारकून उठले
की साडेचारला, उरलेलं, उभ्यानं.
आन् रात्री अकराला, भूक तव्हाच घरी येते.
मधी चहा. किती?
त्यांच्यापुढं बोटांवर मोजले. अकरा.
दोघीबी जराशा गप्प बसलो.

"तुम्हाला काय व्हावंसं वाटतं, प्रयागबाई?"
आकडा सांगणार होते,
तोंडातून निघालं,
"मव्ही जोडवी मलाच वाकून घालायचीत.
तीन वर्षं झाली, सून घालते.
ती काही म्हणत नाही.
तेच लागतं."
त्यांनी कागदावर लिहिलं: जोडवी.
डॉक्टरचं अक्षर असून वाचता आलं.

रक्त तपासलं. गोळी एक लागली.
दहाला जेवायचं ठरलं, बसून,
तवा थांबला तर थांबला.
चार महिन्यांत तीन किलो गेले,
लग्नसराईत दीड परत आले.
तोंड लपवत गेले तर त्या म्हणाल्या,
"लग्नं किती झाली?"
"सात."
"मग दीड कमीच की."

काल जोडवी काढून राखेनं घासली.
दार लावून घेतलं, भिंतीला टेकले.
उजव्या पायाची बसली.
डावा पाय अजून लांब आहे,
सुनेला हाक मारली
आन् ती आली तव्हा
मी हसत होते, तिला कळंना का.