काड्यापेटीतलं टपाल

आमच्या डोंगरातून पाटीचा दगड निघे.
त्याची छपरं झाली, थडगी झाली,
कुठल्या कुठल्या देशांतल्या पोरांनी त्यावर अक्षरं गिरवली,
माझी पाटी मात्र कोरीच.
अठ्ठावीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलले,
वर्गात पाऊल टाकलं ते फक्त सांडलेलं दूध पुसायला.

मग ते स्वयंपाकघर बंद झालं
आणि त्याच्या मागोमाग माझी झोपही.

न्हाणीघराच्या खिडकीत एक पतंग मरून पडला होता.
मातकट. कुणाच्या खिजगणतीत नसावा असा.
का कोण जाणे, काड्यापेटीत कापूस घालून
मी तो दोन खोऱ्यांपलीकडच्या इद्वालना पाठवला.
त्यांचा पत्ता ग्रंथालयातल्या बाईंनी
पावतीच्या मागे लिहून दिला होता.

आठवड्याने पेटी परत. आत चिठ्ठी:
"अगदी सामान्य. उन्हाळ्यात पैशाला पासरी.
कापूस छान घातलात.
वरचा पंख सुईने सारून पाहिलात का?"

सारला.
आत हळदीचा पिवळा, काळ्या काठासकट.
जुनेर नेसलेल्या बाईने आतून
लग्नातला परकर नेसावा, तसा.
चहाचं पाणी आटून भांडं करपलं.

त्यानंतर किती जण आले!
टेगवेनने शिकवलं, दिव्यामागची चादर
वाऱ्याकडे पाठ करून बांधायची.
झ्बिग्न्येव, बोटीच्या गोदीतला वेल्डर,
त्याने बादली आणि नरसाळं जोडून सापळा करून दिला,
पैसे घेईना. शेवटी बटाट्याच्या सूपवर तडजोड झाली.
(सोलायला मला काय, डोळे मिटून सोलते.)
आणि गेथिन, वय वर्षं चौदा,
लॅटिन नावं शिव्यांसारखी फाडफाड फेकणारा;
माझी वही तपासताना लाल शाईचं पेन
तो स्वतःच्या घरून आणतो.

नेस्टाला मी अजून पाहिलेलं नाही.
ती पार उत्तरेकडच्या बेटावर राहते.
तिची शाई संपत आली की अक्षर कसं दाबून येतं
हे मला तिच्या लेकीपेक्षा जास्त कळतं.

माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या महिन्यात
अकरा काड्यापेट्या आल्या. परिचारिकेला वाटलं
ही बाई चोरून सिगारेट ओढते.
एक पेटी रिकामीच निघाली. नेस्टाची.
"जिवंत होता, सोडून दिला.
पण पकडला होता तो तुझ्यासाठी,
म्हणून पेटी पाठवते आहे."
ती अजून उशाशी असते.
तिच्यातून मी काड्या काढत नाही, घालतही नाही.

गेल्या ऑक्टोबरात इद्वाल आमच्याकडे आले,
टेगवेनचा दंड धरून.
आता त्यांना मधोमध काळा डाग दिसतो
आणि कडेकडेने जग.
खुर्ची चादरीसमोर मांडली. म्हणाले, "सांग."

सांगायला लागले.
हिरवा, दगडफुलाच्या रंगाचा, खांद्याशी पांढरी भुकटी.
त्यांनी नाव घेतलं.
लाकडाच्या ढलप्यासारखा, पंख अंगाशी गुंडाळलेला.
त्यांनी नाव घेतलं.
मी बघत होते आणि ते पाहत होते,
कितीतरी वेळ असंच चाललं.

मग एक बसला. करडा, बारीक,
कडेला शिवण उसवल्यासारखी रेघ.
"पुढे?" इद्वाल म्हणाले.
पुढे काही नव्हतं. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.
ते गप्प. गेथिनने पुस्तक उघडलं, मिटलं,
आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला, "मला माहीत नाही."
टेगवेनलाही नव्हतं.
मला तर नव्हतंच. पण लाज वाटली नाही,
पहिल्यांदाच.

वहीत तारीख घातली, वारा लिहिला,
नावाचा रकाना रिकामा ठेवला.
झ्बिग्न्येवने सूप पुन्हा गरम केलं.
दिवा विझवायचं कुणी नावच काढेना.