चिमूटभर कमी

आधी आमच्या शाळेत एक बन मिळायचा, आणि चहा.
बन गोड. चहा त्याहून गोड.
चौथ्या तासाला पोरांच्या माना
बाकावर अशा कलंडायच्या
जणू कुणी आतला दिवा फुंकून टाकलाय.
मास्तर म्हणायचे, आळशी आहेत.
मी काही बोलायचे नाही. मी बन मोजायचे.
एकशे बारा.

मग हिवाळ्याच्या तोंडाशी नर्स आली, उमसुनाय,
नारीनहून, बर्फात रुतत रुतत.
तिनं एकेका पोराची खालची पापणी
अंगठ्यानं अलगद ओढली
आणि वहीत लिहीत गेली:
पांढुरकी, पांढुरकी, जरा गुलाबी, पांढुरकी.
एकोणीस वर्षं ह्याच डोळ्यांसमोर मी बशा ठेवल्या.
पापणीच्या आत बघायचं असतं
हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्यानंतर चूल आली, दोन दांडगी पातेली आली.
शाळेमागच्या पडीक तुकड्यात बीट आणि गाजर लावलं
कादिरबेकनं. हाच तो, ज्यानं पालकसभेत
"पोरांना शिकवा, शेती कसली करता" म्हणून
टेबल आपटलं होतं.
कुट्टूच्या कण्या, मसूर, कोबीचं सूप,
आठवड्यातून दोनदा मेंढीचं काळीज,
इतकं बारीक चिरलेलं
की नाव सांगितल्याशिवाय कळू नये.
मी नाव सांगत नाही.

बीट पहिले पंधरा दिवस कुणी खाल्लं नाही.
बादली लालभडक व्हायची, मला बघवायचं नाही.

आणि मग बिश्केकहून तो पोरगा आला,
खिशात छोटासा काटा घेऊन.
त्यानं माझं मीठ तोललं. माझं मीठ!
म्हणाला, "एजे, निम्मं करा."
एजे म्हणजे थोरली बहीण;
मी त्याच्या आईपेक्षा मोठी असेन.
चार गावांच्या लग्नांत माझ्या हाताची चव मागतात,
आमच्या डोंगरात चहासुद्धा खारट,
आणि हा मला अळणी शिकवतो.
रात्रभर चडफडले.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात;
मीठच नाही घातलं
तर ही पोरं उद्या कशाला जागणार?

पण त्यानं जाताना मला एक कागद दिला,
त्यावर रक्तदाबाचे आकडे होते,
आणि त्यातला एक आकडा
मी घरी पाहिला होता,
ज्या सकाळी सुयुनच्या हातातून कप निसटला
आणि नंतर त्या हाताला कप धरताच आला नाही.

म्हणून दर सोमवारी एक चिमूट कमी.
फक्त एक. झाकणाच्या आतल्या बाजूला
खडूनं रेघ मारायची, कुणाला सांगायचं नाही.
अकरा सोमवार. अकरा रेघा.
कुणाच्या लक्षात आलं नाही.
फक्त तिलेक, ज्याला सगळ्यातच खोट दिसते,
चमचा चाटत आत आला:
"एजे, आज गाजरात साखर घातलीस?"

साखर!
मी पातेल्याकडे वळले, वाफेत तोंड घातलं,
तिथं डोळे पुसलेले दिसत नाहीत.

सुयुनच्या चहातही मी तेच केलंय.
तो अजून म्हणतो, तुझ्यासारखा चहा कुणाचा नाही.
त्याला सांगू नका.

सगळं जमलंय असं नाही.
फाटकाबाहेर दुकान आहे, चिप्सच्या माळा वाऱ्यावर वाजतात
आणि माझं सूप वाजत नाही.
फेब्रुवारीत कोबी संपला, दोन आठवडे पुन्हा बन.
मोठ्या वर्गातल्या मुली अजून अर्धी बशी सोडतात,
कुणी त्यांना जाड म्हटलंय, कोण ते मला कळत नाही.

वसंतात उमसुनाय परत आली.
मी पदर खोचून तिच्या मागं उभी, वहीत डोकावत:
गुलाबी, पांढुरकी, गुलाबी,
गुलाबी, जरा गुलाबी.
तिलेक ओरडला, माझी लाल लिहा.

रांग संपली. तिनं पेन मिटलं,
माझ्याकडे बघितलं, मग खुर्चीकडे.
"बुरुलकान-एजे, बसा. तुमचीही बघू."
मी म्हटलं, सूप उतू जाईल.
"दुपारी काय खाता तुम्ही?"
मी म्हटलं, मी? मी चव घेते ना.