साडेतीन सेकंद

बिटको चौकाच्या मागे, झेरॉक्सच्या वरच्या खोलीत
माझे दोन कॉम्प्युटर, एक बर्नर,
आणि गिऱ्हाइकं न्यायला विसरली
अशा लग्नांचा एक खोका.

इंदुमती बोरस्ते जिना चढून आल्या.
पिशवीत मेथीची जुडी, तिच्याखाली डीव्हीडी,
मीच दिलेली, गेल्या आठवड्यात.
"माणूस पुढं जातो," म्हणाल्या, "आवाज मागं राहतो."

त्र्यंबकराव नोट प्रेसमधून निवृत्त झाले, तो समारंभ.
जेल रोडचा हॉल, भाच्याचा मोबाईल, सत्तर मिनिटं.

लावून पाहिली.
समई पेटते तिथं सगळं जागच्या जागी:
काडी ओढली, काडीचा आवाज.
नारळ फुटतो तिथं किंचित, नुसती शंका यावी इतकं.
भाषणं सुरू झाली तसे
ओठ मिटल्यावर शब्द येऊ लागले,
हार घालून माणूस खाली उतरल्यावर टाळ्या,
आणि शेवटी शेवटी तर
साहेब खुर्चीत बसून पाणी पितायत
तरी त्यांचं भाषण चालूच.

मी आधी सोपं ते केलं.
सगळा आवाज साडेतीन सेकंद पुढं ओढला.
शेवट बसला.
पण आता काडी ओढायच्या आधीच पेटत होती.

वीस वर्षं हेच करतोय, मला कळायला हवं होतं.
ही चूक एका जागी बसून नसते,
दर मिनिटाला सेकंदाचा विसावा भाग,
न बोलता साठत जाते.

मोबाईलचं असंच.
उजेड कमी झाला की चित्रं कमी टिपतो,
कधी तीस, कधी सत्तावीस, मर्जी त्याची.
डीव्हीडीला पंचवीसच लागतात, मोजून,
प्रेसमध्ये गड्डी मोजावी तशी.
आवाज आपल्या चालीनं येत असतो,
त्याला कुणी काही कळवत नाही.

म्हणून दोघांना वेगळं काढलं.
चित्रं पंचवीसवर बांधली.
आवाजाला दोन खुणा केल्या: सुरुवातीची काडी,
आणि आभारानंतर कुणाच्या तरी हातून
फरशीवर पडलेली स्टीलची ताटली.
आता मधली पट्टी जराशी आवळायची, बस्स.

"थांबा," इंदुमतीबाई म्हणाल्या. "जुनीच लावा परत. मधली."

बावन्नाव्या मिनिटाला त्र्यंबकराव माईकवर.
भाचा कंटाळून मोबाईल बायकांकडे वळवतो.
इंदुमतीबाई शेजारणीकडे वाकून काही बोलतायत,
आणि अडीच सेकंद मागून आलेला
नवऱ्याचा जाड आवाज
नेमका त्यांच्या ओठांवर बसतो:
"चौतीस वर्षं. एका दिवसाचा खाडा नाही."

खोलीत फक्त कॉम्प्युटरचा पंखा.
"मी तेव्हा विचारत होते," त्या म्हणाल्या,
"मागच्या दाराला कुलूप लावलं का."
मग हसल्या, पदर तोंडाला न लावता, मोठ्यानं.
"एवढं राहू द्या."

म्हटलं, बाई, ते राहत नाही.
काडी जुळली, ताटली जुळली
की मधलं आपोआप जुळतं.

त्यांनी मेथीच्या जुडीचा दोरा उगाच घट्ट केला.
"मग नवी यांना द्या. दुपारी येतील.
ही मी नेते."
बिघडलेली डीव्हीडी मेथीखाली गेली.
मी पैसे नको म्हणालो, त्यांनी ऐकलं नाही.

रात्री बर्नर हळू ठेवला, चारच्या वेगावर.
घाई केली की जुने प्लेयर अडखळतात.
मग जुन्या टीव्हीवर तपासली.
ताटली पडली, आवाज तिथंच.
बावन्नाव्या मिनिटाला त्र्यंबकराव
स्वतःच्याच तोंडानं म्हणाले, खाडा नाही.
मग चित्र वळलं.
इंदुमतीबाईंचे ओठ हलले,
आणि हॉलमधला पंखा
कुरकुरत राहिला, अगदी वेळेवर.